जोड हाय का, जोड?

आमच्या दगडी मारुती तालमीतलं भूत मी जन्माला घातलंय. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे मागनं कुणी श्रेय लाटायला नको. त्याचं नाव मी ठेवलं, त्याच्या मिशा मी ठरवल्या, त्याचं मरण बी मीच बसवलं, आमच्या गॅलरीत चहा पीत. शेजारी बायको, पद्मावती, शेंगा फोडत बसलीती. ती म्हणली, "गाव शाहूवाडीकडचं घ्या. तिकडं धुकं असतंय, बरं दिसंल." म्हणून येसबा पैलवान शाहूवाडीचा झाला. न्हायतर मी त्याला कागलचा करणार हुतो. पण हायवेवरचं भूत कोण मनावर घेतंय?

मी नेमगोंडा, विमा एजंट. गल्ली मला नेमाण्णा म्हणती. लोकांना मरणाची भीती घालणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. चांगल्या हसत्याखेळत्या माणसासमोर बसायचं, त्याच्याच घरचा चहा प्यायचा आन् "समजा, उद्या तुम्ही नसलासा तर" असं म्हणून त्याचं तोंड उतरवायचं. त्यात मला लोकांच्या खोड्या काढायचा जन्मजात नाद. वरच्या आळीतले निवृत्त जमादार देवदर्शनाला गेलते, तवा त्यांच्या दारावर मी 'घर विकणे आहे' अशी पाटी लावलीती. परत आले तवा एक पावणा त्यांच्याच अंगणात उभा राहून त्यांच्याशीच भाव करत हुता. असल्या माणसाला एक भूत उभं करणं काय जड जातंय?

पण ह्या वेळची खोडी पुण्याईची हुती.

आमची तालीम म्हंजे नुसतं नाव राहिलंतं. पोरं आता आरशाच्या जिममध्ये जातात. जुने वस्ताद वारले, नवा कुणी आला न्हाय. दार उघडं, कौलं फुटकी, आन् मधल्या कुस्तीच्या हौद्यातली लाल माती दगडासारखी घट्ट. ती माती रोज खणावी लागती, ताक, हळद, तेल घालून मळावी लागती. न्हायतर ती रुसती. रुसलेल्या मातीवर माणूस पडला की त्याची कंबर गेलीच. आमच्या तालमीची माती रुसून वर्सं झालीती. ही माती ध्यानात ठेवा, तिचं काम पुढं हाय.

असल्या रिकाम्या जागेत गल्लीतली रिकामी पोरं बसायला लागली. दुपारची जेवणं झाली की बाटली, पत्ते आन् मोबाईल. एकाच्या वाढदिवसाला कोयत्यानं केक कापला आन् त्याचं रील टाकलं. पद्मानं मला ते दाखवलं. केक बघून माणूस गार पडतो हे मला त्या दिवशी कळलं. कोयता धैर्यशीलच्या हातात हुता.

धैर्यशील म्हंजे संयोगितावहिनींचं एकुलतं एक. वहिनी डबे करून देतात. त्यांचा नवरा ह्याच तालमीतला पैलवान. पोरगं लहान असतानाच गाडीच्या अपघातात गेला. पोरात बापाची छाती उतरली, मान उतरली, मांड्या उतरल्या. फकस्त त्या सगळ्याला काम न्हवतं. दिवसभर ते अंग गल्लीत नुसतं उभं असायचं, सुरू करून ठेवलेल्या ट्रकसारखं.

एक दिवस वहिनी डबा द्यायच्या निमित्तानं आमच्या दारात आल्या. "आण्णा, धैर्याच्या गादीखाली कोयता घावला."

"केकचा?"

"केकचाच. पण धार नवी लावलीया." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पुढच्या केकाला धार कशाला लागती, सांगा की मला."

म्हणून मी भूत काढलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कुस्तीच्या मैदानात पैलवान लंगोट लावून, एक हात वर करून गोल फिरतो. म्हंजे तो जोड मागतो, आपल्या तोलाचा गडी मागतो. प्रेक्षकातनं कुणीतरी उठायचं, कापडं काढायची, त्याचा हात धरायचा. कुणीच उठलं न्हाय, तर अब्रू फिरणाऱ्याची जात न्हाय, बसलेल्यांची जाती. त्या तालमीला मग वर्सभर कुणी तोंड वर करून बोलू देत न्हाय.

माझा येसबा असा जोड मागत फिरला. ऊन चढलं, ऊन उतरलं, कुणी उठलं न्हाय. फिरता फिरता त्यानं हौद्यातच मान टाकली. हात वरच राहिला. तवापासून भर दुपारी त्यो तालमीत फिरतोय आन् जोड मागतोय. आत जो कोण दारू पिऊन बसलेला घावंल, तीच त्याची जोड. हे मी केसकर्तनालयात सांगितलं, चहाच्या गाड्यावर सांगितलं, आन् जमादारांना "कुणाला सांगू नका" म्हणून सांगितलं. तेवढं बास.

आवाजाचं काम माझा दोस्त अमीननं केलं. त्याचं माईक-स्पीकर दुरुस्तीचं दुकान तालमीला लागूनच हाय. त्यानं पाण्याच्या रिकाम्या माठात तोंड घातलं आन् रेकॉर्ड केलं, "जोड हाय का? जोड?" ऐकून त्याची आई अमीरबी आतनं ओरडली, "अमीन, कोण आलंय रे दुकानात?" आमचा माल पास झाला.

दुसऱ्या दुपारी मारुतीच्या कोनाड्यात स्पीकर लपवला. पोरं बसली. आम्ही दुकानातनं बटण दाबलं. पुढचं बघायला तुम्ही पायजे हुतासा. पोरं दारातनं न्हाय, मिळंल तिथनं बाहेर आली. केतन तर खिडकीतनं आला, आन् त्या खिडकीला गज हाईत. सगळ्यांच्या चपला आतच. अमीन आन् मी त्या चपला गोळा केल्या, दोरीला ओवल्या आन् तालमीच्या दाराला तोरण बांधलं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

सकाळी बघतोय तर तोरण न्हाय. चपला खाली उंबऱ्यापाशी ओळीनं लावलेल्या, जोडीनं, तोंडं आतल्या बाजूला. आत माणसं असल्यासारख्या.

"लई भारी डोकं चालवलंस," मी अमीनला म्हटलं.

"मी? मला वाटलं तुम्हीच, आण्णा," त्यो म्हणला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खोडी काढल्यावर इतकं सरळ तोंड ठेवता येणं, ही बी एक कला हाय.

तालीम रिकामी झाली. मी गल्लीतनं छाती काढून फिरायला लागलो. हे फार दिवस टिकलं न्हाय. संयोगितावहिनी परत दारात. ह्या खेपेला डब्याचं निमित्त बी न्हवतं.

"आण्णा, पोरं हाकललासा. ब्येस केलासा. पण गेली कुठं, ते बघितलासा काय?"

न्हवतं बघितलं. पोरं गेलती गणपतरावाकडं. गणपतराव जमिनीची कामं करतो. म्हंजे कुणाची जमीन कुणाला पायजे झाली की मधी उभी राहायला त्याला पोरं लागतात. पांढरी कापडं, काळी जीप, बोलणं एकदम तुपातलं. पोरांना बिर्याणी, मोबाईलला रिचार्ज, जीपमधनं फिरवून आणणं. आन् काम काय, तर कागलकडं एका शेताच्या बांधावर हाताची घडी घालून उभं राहायचं.

"आज नुसतं उभं राहायला नेतोय," वहिनी म्हणल्या. "उद्या कशाला नेईल, त्याला धार लावून ठेवलीया धैर्यानं."

खरं सांगतो, पंचवीस वर्सांच्या धंद्यात माझं तोंड असं कुणी उतरवलं न्हवतं. उकिरड्यावरची माशी मी उडवली आन् ती शेजारच्या ताटात बसली, असलं काम झालतं. पोरांना नुसतं 'हितनं उठा' म्हणून भागत न्हाय. 'हितं बसा' म्हणायला जागा लागती. म्हणून मी ठरवलं, तालीम परत सुरू करायची. कौलं, दिवे, वस्तादाचं मानधन, पोरांना दूध-अंडी. गल्लीच्या वर्गणीत नुसती अंडी बी येत न्हवती.

अमीनच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. 'उंबरठा निधी'. पुण्याची संस्था. गुन्हेगारीच्या उंबरठ्यावरच्या तरुणांना सावरणाऱ्या प्रकल्पांना मदत. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना, 'जोखमीचा प्रकार'. मी म्हटलं, भले! जोखीम हा माझा प्रांत. झटक्यात भरून टाकतो.

मग सुरू झाला तमाशा. गल्लीत बैठक घेतली तर जो तो सल्ला देतोय. जमादार म्हणले, कॅमेरे लावा. किराणावाला म्हणला, तालीम पाडून पार्किंग करा, गाड्या लागल्या की पोरांना बसायला जागाच राहणार न्हाय. एक ताई म्हणल्या, झुंबा ठेवा. जमादारांनी "झुंबा म्हंजे काय?" असं विचारलं आन् ताईंनी करून दाखवला. तवापासून जमादार झुंब्याच्या बाजूनं.

निधीवाल्यांना चौकीचा दाखला पायजे हुता, की हितं गुन्हेगारीचा धोका हाय. चौकीतले साहेब माझ्यावरच उखडले. "तुमच्या गल्लीत धोका हाय असं मी लिहून देऊ? मग मी काय करतोय हितं?" मी म्हटलं, "बरं, धोका न्हाय असं द्या." "ते बी कसं देऊ? उद्या काय झालं तर?" शेवटाला त्यांनी लिहून दिलं, 'सदर गल्ली अस्तित्वात आहे.'

आन् मग आया. धोक्यातल्या पोरांची नावं पायजे हुती, आईच्या सहीनं. मी केतनच्या आईकडं गेलो तर तिनं मला लाटणं दाखवलं. "माझा केतन गुन्हेगार? आवो, त्यो अजून कुत्र्याला भितोय!" सगळ्या घरांत हेच. मान खाली घालून परत आलो. पद्मा म्हणली, "ट्रॅकसूट मिळणार हाय, ते सांगितलासा का?"

न्हवतं सांगितलं. सांगितलं. संध्याकाळी आमच्या दारात आयांची रांग. "आण्णा, आमच्या आदर्शला घ्या, लई वाया गेलाय." "सोहेल त्याच्यापेक्षा वाया गेलाय, कालच मला उलटून बोलला." केतनची आई सगळ्यात पुढं. "माझं पोरगं काय कमी वाईट हाय? कुत्र्याला दगड मारतंय रोज!"

फकस्त संयोगितावहिनी रांगेत न्हवत्या. सगळ्या गेल्यावर आल्या, सही केली, आन् ट्रॅकसूटचं काय विचारलंच न्हाय.

पुण्यास्नं फोन आला. आदिती मॅडम स्वतः बघायला येणार. पोरं मातीत उतरलेली दिसली पायजेत, वस्ताद हजर पायजे, मग मंजुरी. मी म्हटलं, झालं काम! आन् मग माझ्या ध्यानात आलं की माझ्या तालमीत माझंच भूत हाय.

एक बी पोरगं आत पाय टाकायला तयार न्हाय. एक बी आई पाठवायला तयार न्हाय. "ट्रॅकसूट घरी आणून द्या," म्हणल्या.

मग मी ते केलं, जे खोड्या काढणाऱ्यानं कधी करू नये. चौकात उभं राहून खरं सांगितलं. येसबा खोटा हाय, मी बनवलाय, आवाज अमीनचा हाय, माठ हा बघा.

लोकांनी माठ बघितला. मग माझ्याकडं बघितलं. जमादार हसले. "आण्णा, पैशासाठी काय बी सांगता की राव! तुमच्या डोक्यातनं येवढं यायचं न्हाय. 'घर विकणे आहे' इथवर तुमची धाव."

असला अपमान मी जन्मात सोसला न्हवता. माझी स्वतःची कलाकृती, आन् मलाच पुरावा मागतात! मी बायकोला साक्षीला उभं केलं. ती म्हणली, "व्हय, गाव मी दिलं." तर किराणावाला म्हणतोय, "वहिनी, तुम्हाला ते गाव सुचवलं कुणी?" पद्मा आठवायला लागली. घरी आल्यावर शेंगा फोडता फोडता बी आठवतच हुती.

त्यावर कळस केला अमीरबीनं. अमीनच्या आईचं वय झालंय, दिवसभर खिडकीत बसलेली असती. तिला मी म्हटलं, "चाची, तुम्ही तरी सांगा. माठात तुमच्याच अमीनचा आवाज हुता."

"माठातला अमीनचा," अमीरबी म्हणली. "पहिल्या दिवसाचा. त्याच्या नंतरचा कुणाचा?"

"नंतर कुठला?"

"रोज तर येतोय. जुम्म्याला बी येतोय." तिनं खिडकीतनं तालमीकडं बोट केलं. "मी लगीन होऊन आले तवा बी यायचा. मधी बंद हुता. तुम्ही नाव घेतलासा, आन् परत आला." मग म्हणली, "कान फाटकाय त्याचा, डावा. त्यो तुम्ही सांगायचा विसरलासा."

भर दुपार हुती. रस्त्यावर ऊन नुसतं सळसळत हुतं. मी हसलो. हसणं बरोबर आलं न्हाय.

मी अमीनला बाजूला घेतलं. "स्पीकर काढून आणू, चल. रोज बटण दाबतोयस तू. पुरे झालं."

"आण्णा," अमीनचा चेहरा पांढरा हुता. "स्पीकरचं कार्ड त्याच दिवशी काढून आणलंय मी. ह्या ड्रॉवरमधी हाय. मला वाटलं, तुम्ही दुसरा बसवलासा."

"कबूल कर की लेका."

"तुम्ही करा की."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत ड्रॉवरपाशी उभं राहिलो. शेवटी दोघं बी गेलो, कारण एकट्यानं जायला कोणच तयार न्हवता. उंबऱ्यापाशी चपलांची ओळ तशीच. आम्ही बी काढल्या. तालमीत चपला घालून जात न्हाईत, भूत असलं तरी.

आत गारवा हुता. कौलातनं उन्हाचे कवडसे पडलेले, त्यात धूळ बी हलत न्हवती. कोनाड्यात स्पीकर, त्यावर कोळ्याचं जाळं. अमीननं बटण दाबलं. मेलेला. मग मला वास आला. ताकाचा, हळदीचा, तेलाचा. मी हौद्यात बघितलं.

माती खणलेली हुती.

दगडासारखी माती, पार तळापासनं उलटून, चाळून, मळून, लोण्यासारखी केलेली. ओली, लालभडक. चार तगड्या गड्यांनी दिवसभर घाम गाळावा असलं काम. कडेला फावडं न्हाय, खोरं न्हाय. मी वाकून हात लावला. माती कोमट हुती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यावर गादी असती तशी.

आन् दारातनं न्हाय, हौद्याच्या पलीकडच्या भिंतीपासनं, शड्डू ठोकल्याचा आवाज आला. पैलवान मांडीवर तळहात मारतो तो. एकच.

आम्ही कसं बाहेर आलो ते विचारू नका. केतननं त्या गजांतनं कसं अंग काढलं, ते मला त्या दिवशी समजलं. अमीन दुकानाचं शटर आतनं ओढून बसला. मी घरी आल्यावर ध्यानात आलं, माझी चप्पल तिथंच राहिली. कापशी गावची कोल्हापुरी, नवीकोरी, करकर वाजणारी.

वस्तादाची बी बोंब झाली. इचलकरंजीचे एक वस्ताद यायला तयार झालते. मी फोनवर तालमीचं नाव सांगितलं तर त्यांनी ते परत सांगायला लावलं. मग म्हणले, "दगडी मारुती? आवो, तिथं एक वस्ताद हाय की आधीच," आन् फोन ठेवला.

मॅडमचा दिवस उजाडला. दुपारी गाडी आली. आदिती मॅडम तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडभर हसू. तालमीपुढं निम्मी गल्ली. पोरं नव्या हाफपँटी घालून ओळीत उभी, उंबऱ्यापासनं चांगली लांब. धैर्यशील ओळीत न्हवता. त्यो समोर काळ्या जीपपाशी हुता. गणपतरावानं नेमका तोच मुहूर्त साधलाता.

"धैर्या, चल बस," गणपतराव जीपमधनं गोड आवाजात म्हणला. "आज कागलला जरा मोठं काम हाय. ते घेतलास न्हवं बरोबर?"

धैर्यशीलनं शर्टाखाली कमरेला हात लावून बघितलं. काय घेतलंय, ते त्याच्या आईला समजलं. मला बी समजलं. संयोगितावहिनी त्याच्यापासनं हाताच्या अंतरावर उभ्या हुत्या, पण हात पुढं करत न्हवत्या. त्यानं जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला.

"मग, सर," मॅडम मला म्हणाल्या, "मुलं मैदानात उतरवायची ना? आणि आपले वस्ताद कुठे आहेत?"

मी तोंड उघडलं. सगळ्या गल्लीत एवढं शांत, की जीपचं इंजिन बी श्वास रोखून चालतंय असं वाटलं.

"जोड हाय का?"

आतनं. माठातला न्हाय. भरदार, सावकाश, जरा दमलेला आवाज. अमीन माझ्या शेजारी हुता, माझं मनगट धरून. पोरं सगळी बाहेर. म्हंजे आत कोणच न्हवतं.

"जोड?"

"अच्छा, वस्ताद आत आहेत तर!" मॅडम खूश झाल्या. "मानद आहेत का?"

"व्हय," मी म्हटलं. आयुष्यभराचा सराव हाय, जीभ आपली आपण चालती. "मानदच."

"जोड हाय का?" तिसऱ्यांदा. आन् ह्या वेळी आवाज दाराच्या जवळ आलता. गोल फिरत असल्यासारखा.

कुणी हललं न्हाय. जमादार पायाकडं बघत हुते. किराणावाला आभाळाकडं. मैदानात कुणीच उठलं न्हाय की जसं होतंय तसं. तवा संयोगितावहिनी बोलल्या. पोराकडं न बघता, जसं भाजीवाल्याशी बोलावं तसं.

"तुझ्या बापापुढं कुणी जोड मागून मोकळं गेलं न्हाय."

धैर्यशीलचा पाय पायरीवर. "आये, आत भूत हाय."

"जीपमधी कोण हाय?"

गणपतराव हसला. "धैर्या, लोकांचं ऐकत बसू नगंस. गाडी निघाली."

"जोड न्हाय?" आतला आवाज म्हणला. लई वर्सं उत्तर मिळालं न्हाय, आन् आता मिळायचं न्हाय, हे समजल्यासारखं.

धैर्यशीलनं पाय खाली घेतला. कमरेचं काढलं आन् जीपच्या बॉनेटवर ठेवलं. नवी धार उन्हात अशी चमकली की मॅडमनी टॅबमधनं मान वर केली. "ते बागकामाचं," मी म्हटलं. त्यानं शर्ट काढला, चपला उंबऱ्यापाशी ओळीत लावल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आन् ओरडला, "हाय!"

आन् आत गेला.

एक शड्डू आला. तो पोराचा. मग दुसरा. त्यानं अमीनच्या दुकानाचं शटर झणझणलं. मग मातीवर पाय घासल्याचे आवाज, श्वासाचे आवाज, दोन माणसांचे. कुणीतरी आपटलं. परत उठलं. परत आपटलं. "काय एनर्जी आहे!" मॅडम हळूच म्हणाल्या आन् आत जायला निघाल्या. अमीरबी खिडकीतनं म्हणली, "बेटी, कुस्ती चालू असताना बायामाणसांनी आत जायाचं न्हाय." असली काय रीत हाय का, मला म्हाईत न्हाय. पण त्या दिवशी मी बी बायामाणसात जायला तयार हुतो.

मग सगळं थांबलं. लई वेळ काय बी न्हाय. संयोगितावहिनींचे ओठ हलत हुते, आवाज न्हवता.

धैर्यशील बाहेर आला. केसापासनं टाचेपर्यंत लाल. त्यानं पाठ फिरवली तवा सगळ्यांनी बघितलं, दोन्ही खांद्यांना माती लागलीती, पुरी, सपाट. चितपट. आमच्याकडं पाठीला माती लागलेला गडी मान खाली घालून जातोय. हे पोरगं हसत हुतं. लहान असताना हसायचं तसं.

"हरलो," त्यो आईला म्हणला. "मान आत घे म्हणला. उद्या सकाळी परत बोलावलंय." मग पोरांच्या ओळीकडं बघून, "तुम्हाला बी."

गणपतरावानं काच वर केली. जीप निघाली तवा कोयता बॉनेटवरनं घसरून रस्त्यावर पडला. वहिनींनी तो उचलला. आता त्या त्यानं नारळ फोडतात.

मंजुरी आली. कौलं बसली, दिवे लागले, दूध सुरू झालं. पहाटे पोरं जातात, लाल होऊन येतात, घरी जाऊन जेवतात आन् झोपतात. गादीखाली काय ठेवायला अंगात ताकदच उरत न्हाय. जीप परत आली न्हाय. निधीवाल्यांच्या अहवालात छापलंय, 'मानद वस्ताद : श्री. येसबा, शाहूवाडी.' आता ते त्यांचं आधारकार्ड मागतात. मी दर खेपेला कळवतो, वस्ताद जुन्या वळणाचे हाईत, फोटो काढून घेत न्हाईत. मानधनाचे बदाम आणतो. हौद्याच्या कडेला रोज एक पेला थंडाई ठेवतात. पोरं शपथ घेऊन सांगतात, आम्ही पीत न्हाय. पेला रिकामा असतोय.

मला अजून वाटतंय, कार्टी माझी फिरकी घेत असणार. खोडीची परतफेड. त्यांच्या जागी मी असतो तर मी बी हेच केलं असतं. असं म्हणून मी झोपतो.

पण परवा धैर्यशील रस्त्यात भेटला. अंगावर सुकलेली माती, हातात दुधाची किटली. एकदम आदबीनं थांबला.

"आण्णा, वस्ताद तुमची चौकशी करत हुते."

"माझी?"

"म्हणत हुते, मला नाव ठेवलं त्यो गडी कुठाय? चप्पल ठेवून गेलाय, आला न्हाय. त्याला बी एकदा मातीत घ्यायचाय."

मी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. खोडी काढणाऱ्याचं तोंड मी लांबनं वळखतो, डोळ्याच्या कडेला एक सुरकुती हलती. त्याची हलली न्हाय.

"त्यांचा कान कसा हाय रं?" मी विचारलं. "डावा?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" धैर्यशील म्हणला.

माझी चप्पल अजून तिथंच हाय. सकाळी फिरायला जाताना मी लांबनं बघतो, आता मी पलीकडच्या गल्लीतनं जातो. पोरांच्या चपला रोज येतात-जातात. माझी जोडी मधोमध, ओळीत, तोंड आतल्या बाजूला. कुणीतरी रोज पुसून ठेवतंय, चमकती लांबनं.

माझा स्वतःचा विमा मी कालच वाढवून घेतला.